त्रेपन्न तासांचा हिरवा ठिपका

ऑफिसात सगळे आपल्याला काका म्हणतात याचं आपल्याला काहीही वाईट वाटत नाही, असं काका गेली चार वर्षं स्वतःला सांगत होते. वय म्हणाल तर चव्वेचाळीस. हे काही काका होण्याचं वय नव्हे. पण ज्या ऑफिसात सगळ्यांचं वय पंचविशीच्या आसपास आणि मालकाचं एकतीस, तिथे कानांवरचे केस पांढरे झालेला माणूस काका नाही तर कोण होणार? शिवाय ती कंपनी म्हणजे कंपनी नव्हतीच. ते 'कुटुंब' होतं. तसं दारातच भिंतीवर लिहिलं होतं, कॉफीच्या मगांवर लिहिलं होतं, आणि माणसाला दात कोरतानाही विसर पडू नये म्हणून बेसिनवरच्या आरशावरही लिहिलं होतं.

कुटुंब म्हटलं की नाती आली. मालकाला सगळे 'थोरले' म्हणत. थोरले खुर्चीवर बसत नसत. ते एका मोठ्या निळ्या रबरी चेंडूवर बसत, कारण खुर्चीत माणूस आळसावतो असं त्यांचं मत होतं. माणसं नेमणारी आणि माणसं काढणारी बाई एकच, तिला 'ताई' म्हणायचं. काकांचं काम म्हणजे बाकीच्यांनी लिहिलेल्या प्रोग्राममधल्या चुका गिऱ्हाइकाच्या आधी शोधून काढणं. हेच काम घरी त्यांची बायको करत असे, आणि तेही बिनपगारी.

आता या कुटुंबाची एक रीत होती. प्रत्येकाच्या नावापुढे कंप्युटरवर एक ठिपका असे. माऊस हलता असला की ठिपका हिरवा. माऊस पाच मिनिटं हलला नाही की ठिपका पिवळा. दर सोमवारी 'कुटुंब सभा' भरे आणि तिच्यात ताई प्रत्येकाची पिवळी मिनिटं मोठ्याने वाचून दाखवत. एकदा एका मुलीची सतरा पिवळी मिनिटं निघाली तेव्हा थोरले काहीच बोलले नाहीत. नुसते चेंडूवर हळूहळू वरखाली होत राहिले. ती बिचारी नंतर महिनाभर जेवताना डाव्या हाताने माऊस हलवत होती. थोरल्यांचा स्वतःचा ठिपका मात्र पिवळा झालेला कुणी पाहिला नव्हता. पहाटे बघा, दुपारी बघा, हिरवागार! लोक दबक्या आवाजात म्हणायचे, माणूस झोपतो तरी कधी?

काका बुधवारी आणि शुक्रवारी घरून काम करत. तसल्याच एका बुधवारी सकाळी आईने चहाचा कप खाली ठेवला आणि जाहीर केलं, "पुढच्या बुधवारी चारला माझी परीक्षा आहे."

काकांची आई सदुसष्ट वर्षांची. तीन महिन्यांपूर्वी गुडघे दुखतात म्हणून डॉक्टरांनी तिला पाण्यात चालायला सांगितलं होतं. ती जी पाण्यात उतरली ती चालायचं सोडून पोहायलाच लागली. आता तलावावरच्या मास्तरांचं म्हणणं असं, की या टोकापासून त्या टोकापर्यंत, मध्ये काठ न धरता पंचवीस मीटर पार केलं की आजी पास.

"वा!" काका माऊस हलवत म्हणाले.

"वा काय? तू यायचं आहेस. त्या टोकाला उभा राहा. चष्मा काढला की मला पलीकडचं काही दिसत नाही, पण तुझं ध्यान मी कुठूनही ओळखीन. कुठे जायचं ते कळलं की मी जाते बरोबर."

"आई, चार वाजता म्हणजे ऑफिस..."

"तू सायकल शिकलास तेव्हा त्या टोकाला कोण उभं होतं?"

 परीक्षा पुढे ढकलण्याची सोय नव्हती. परीक्षेच्या दुसऱ्याच दिवशी, गुरुवारपासून तलाव दुरुस्तीसाठी दोन महिने बंद राहणार होता. "दोन महिन्यांनी माझा धीर सुटेल," आई म्हणाली. एवढं बोलून ती उठली, पण दारात थांबून हळूच म्हणाली, "मला भीती वाटते रे. मधोमध फार खोल आहे." काकांच्या आईला कशाची भीती वाटते हे काकांना जन्मात पहिल्यांदाच कळत होतं. त्यांनी तिथल्या तिथे शब्द देऊन टाकला.

शब्द द्यायला काय लागतं? घोडं पेंड खाणार होतं रजेपाशी.

तशी कंपनीत रजा अमर्याद होती. नेमणुकीच्या पत्रात ठळक अक्षरांत लिहिलं होतं, हवी तेवढी घ्या. चार वर्षांत एका मुलाने ती तीन दिवस घेतली होती. तो हल्ली दुसऱ्या कुटुंबात असतो. काकांना हवा होता फक्त एक तास. त्यांनी गुरुवारी अर्ज उघडला. पहिला प्रश्न होता, तुमच्या गैरहजेरीत कुटुंबाला काय वाटेल? दुसरा, या रजेतून कुटुंब काय शिकेल? तिसऱ्या रकान्यात कारणांची यादी होती आणि तिच्यातलंच एक निवडायचं होतं. स्वतःचं लग्न, स्वतःचं आजारपण, आणि स्वतःचा मृत्यू (नातेवाईकाने भरावे). आईचं पोहणं कुठेच बसेना. शेवटी काकांनी 'इतर' निवडून खाली सविस्तर खुलासा लिहिला. त्यात त्यांनी आईचं वय, गुडघे, पाण्याची खोली असं सगळं घातलं आणि दोनदा वाचून पाहिलं. आपण हृदयाला हात घातला आहे असं त्यांना वाटलं.

शुक्रवारी सकाळी उत्तर आलं. 'अर्जावरून आपल्या आईला पोहता येते असे दिसते. सबब तातडी दिसून येत नाही. आई बुडत असल्यास आणीबाणीच्या रकान्यात नव्याने अर्ज करावा. प्रेमपूर्वक, ताई.'

काकांनी ते तीनदा वाचलं. मग बायकोला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "अहो, मग न सांगता जा. तासाभरात कोण बघतंय?"

"ठिपका बघतो!" काका इतक्या कळवळून ओरडले, की वरच्या मजल्यावर ऐकू गेलं.

वरच्या मजल्यावर एक निवृत्त ओव्हरसियर राहत. माणसाने निवृत्त व्हावं, पण ओव्हरसियरने होऊ नये. आयुष्यभर पुलांवर देखरेख केलेला माणूस घरात बसला की त्याला शेजाऱ्यांच्या नळांवर देखरेख करावी लागते. ते पायजम्यावरच खाली आले. त्यांनी अडचण शांतपणे ऐकून घेतली आणि चष्मा कपाळावर चढवला. "म्हणजे प्रश्न इतकाच आहे की माऊस हलता राहायला हवा. बरोबर? हा काही कंप्युटरचा प्रश्न नव्हे. हा मेकॅनिकलचा प्रश्न आहे!"

एवढ्यात तळमजल्यावरच्या मावशीही मांजर काखेत मारून हजर झाल्या. त्यांना कुणी बोलावलं नव्हतं, पण त्यांना कधीच कुणी बोलावत नसे आणि त्यामुळे कधी काही अडलंही नव्हतं. "मेकॅनिकल कशाला?" त्या म्हणाल्या. "आमचा बोका ठेवा. माऊसशी तासन्तास खेळेल."

शेजारधर्म म्हणून आधी बोका ठेवून पाहिला. बोक्याने माऊस हुंगला, तुच्छतेने बाजूला सारला, उबदार कीबोर्डवर अंगाची जुडी केली आणि घोरायला लागला. पाच मिनिटांनी ठिपका पिवळा. काकांच्या तोंडचं पाणी पळालं. त्यांनी बोक्याला उचलून माऊस गदागदा हलवला, तोवर बोक्याच्या पोटाखालून ताईंना एक संदेश गेलाच होता. त्यात दोनशे वेळा फक्त 'ज' होता. ताईंनी उत्तर पाठवलं, 'नक्की विचार करू.'

मग ओव्हरसियरनी टेबलफॅन मागवला. फॅनच्या मानेला सुतळी, सुतळीला माऊस. मान डावीकडे गेली की माऊस डावीकडे, उजवीकडे गेली की उजवीकडे. पाच मिनिटं झाली, दहा झाली, ठिपका हिरवा! ओव्हरसियर मिशीत हसले. तेवढ्यात माऊस टेबलाच्या कडेवरून घसरला आणि सुतळीला लटकून भिंतीवर टकाटका आपटायला लागला. दर आपटीला एक क्लिक. समोर नेमकं थोरल्यांच्या सुविचारांचं पान उघडं होतं, आणि प्रत्येक सुविचाराखाली टाळ्यांचं बटण. फॅन बंद करेपर्यंत काकांच्या थोरल्यांच्या जुन्यापान्या चौऱ्याऐंशी सुविचारांना टाळ्या वाजवून झाल्या होत्या. त्यातला एक तर तीन वर्षांपूर्वीचा होता, की थकवा हा फक्त एक विचार आहे.

"हरकत नाही," ओव्हरसियर म्हणाले. "पहिला पूल माझाही पडला होता." ही गोष्ट त्यांनी आजवर कुणाला सांगितली नव्हती.

तोडगा शेवटी माळ्यावर सापडला. काकांचा मुलगा आता मिशा फुटायच्या वयाचा झाला होता, पण त्याची खेळण्यातली आगगाडी खोक्यात तशीच होती. इंजिन, तीन डबे, गोल रूळ, आणि दर फेरीला कू करणारी शिट्टी. ओव्हरसियरनी शेवटच्या डब्याला माऊस असा जोडला की तो जणू गार्डाचा डबाच. बॅटरीचा भरवसा नाही म्हणून तार जोडून गाडी थेट विजेवर घेतली, आणि शिट्टीत कापूस कोंबला. आतल्या खोलीत पलंगाखाली रूळ मांडले. बाजूला लॅपटॉप चार्जरला लावून उघडा ठेवला. दुपारी एक वाजता गाडी सुटली. माऊस बिचारा रुळांशेजारून शहाण्यासारखा फिरत होता आणि ठिपका हिरव्या रंगात लखलखत होता. काकांनी ओव्हरसियरांना चक्क मिठी मारली. मावशी म्हणाल्या, "बोक्याला जरा सवय हवी होती."

आणि इथे काकांनी ती चूक केली. चूक तरी कशी म्हणायची? बायकोची बहीण दुसऱ्या गावी राहायची, तिच्याकडे शुक्रवारी संध्याकाळी निघून शनिवार-रविवार राहायचं ठरलेलं. मिठीच्या आनंदात काका बॅगा भरायला धावले, बायकोने गॅस पाहिला, आईने खिडक्या लावल्या, दाराला कुलूप दोनदा ओढून बघितलं. पलंगाखाली वाकून मात्र कुणी बघितलं नाही.

रविवारी संध्याकाळी सहाला कुलूप उघडलं तेव्हा आतून बारीक घरघर येत होती. काका पलंगाखाली वाकले. गाडी अजून फिरत होती. एवढ्या फेऱ्यांत ती सहज देशाला वळसा घालून आली असती.

सोमवारच्या सभेत ताईंनी पिवळी मिनिटं वाचायला घेतली आणि काकांच्या नावाशी त्या अडखळल्या. "काका... शुक्रवार दुपार ते रविवार संध्याकाळ... सलग त्रेपन्न तास हिरवे."

 आता शहाण्या माणसाच्या मनात काय येईल, की काहीतरी गडबड आहे. पण आकडा चांगला असला की या कुटुंबात त्याची चौकशी होत नसे. थोरले चेंडूवरून उठून उभे राहिले. त्यांना उभं राहिलेलं पाहायची सवय नसल्यामुळे पुढच्या रांगेतले दोघेही उभे राहिले. "त्रेपन्न तास!" थोरल्यांचा आवाज भरून आला होता. "आणि शुक्रवारी माझे सगळे जुने विचार यांनी वाचून काढले. एक ना दोन, चौऱ्याऐंशी! चव्वेचाळीसाव्या वर्षी हा माणूस हे करू शकतो, तर आपण?" लगेच त्यांनी 'काका मानक' जाहीर केलं. बुधवारपासून प्रत्येकाचा ठिपका दिवसाला किमान चौदा तास हिरवा हवा. आणि बुधवारी चार वाजता सगळ्या एकशे चाळीस जणांसमोर व्हिडिओवर काकांचा सत्कार. काका आपलं रहस्य सांगतील.

बुधवारी. चार वाजता.

 सभा संपल्यावर काका ताईंमागे धावले. "ताई, बुधवारी चारला माझ्या आईचं..."

"काका, आईला गुरुवारी पोहायला सांगा ना."

"गुरुवारी पाणी नाही."

"बघा, म्हणजे बुडायचीही भीती नाही," ताई प्रेमाने म्हणाल्या आणि गेल्या.

जागेवर आले तर शेजारी बसणारी चष्मेवाली मुलगी त्यांच्याकडे पाहतही नव्हती. एरवी हीच पोरगी रोज आपल्या डब्यातलं त्यांना द्यायची. "चौदा तास, काका," ती स्क्रीनकडे बघत म्हणाली. "माझं बाळ आठ महिन्यांचं आहे. तुम्ही हिरवे झालात, आमची राख झाली."

हे मात्र काकांना लागलं. ताईंचं प्रेम माणूस पचवतो, पण चष्मेवालीचं बोलणं पचेना. त्यांनी इकडेतिकडे पाहिलं, खुर्ची जवळ ओढली आणि तिच्या कानात सगळं सांगून टाकलं. आगगाडी, गार्डाचा डबा, कापूस, सगळं. तिचा चष्मा नाकावरून घसरला. ती तोंडावर हात दाबून इतकी हसली की ठिपका पिवळा व्हायची वेळ आली. "कुणाला सांगू नकोस," काका म्हणाले. "छे, छे," ती म्हणाली.

तिने खरोखरच कुणाला सांगितलं नाही. फक्त एका मैत्रिणीला सांगितलं. मंगळवारी संध्याकाळी काकांनी ऑफिसच्या कोपऱ्यावरच्या खेळण्यांच्या दुकानात डोकावून पाहिलं तर दुकानदार रिकाम्या फळीसमोर उभा राहून घाम पुसत होता. "आगगाडी? एकही शिल्लक नाही साहेब. तुमच्या त्या इमारतीत सगळ्यांना एकाच दिवशी मुलं झाली का हो? तीन वर्षांत मी इतक्या गाड्या विकल्या नाहीत. म्हणजे एक गिऱ्हाईक आहे माझं जुनं, दर सहा महिन्यांनी नवीन घेऊन जातं, चालवून चालवून झिजते म्हणे. खुर्ची दिली तरी बसत नाही, त्या मोठ्या चेंडूवर बसून राहतं." काकांचं त्याच्या बोलण्याकडे लक्षच नव्हतं. आपण एका माणसाच्या लबाडीचं सगळ्या कुटुंबाला वळण लावलं, या विचाराने ते खिन्नही झाले होते आणि, खोटं कशाला बोला, थोडेसे फुशारलेही होते.

बुधवार उजाडला. काकांनी बेत केला तो असा. लॅपटॉप तलावावरच न्यायचा. त्या टोकाला बाकावर ठेवायचा. मागे पुस्तकांचं कपाट दिसेल असं खोटं चित्र लावायचं. सत्कारही होईल आणि आईलाही ध्यान दिसेल. दोन्ही दगडांवर पाय, आणि दोन्ही दगड ओले.

तलावाच्या दारात रखवालदाराने अडवलं. "पाहुण्यांनी वर गॅलरीत बसायचं. काठावर फक्त पोहणारे."

"मी पोहणारा नाही, पण मला काठावर उभं राहायचंय."

"मग पोहणारे व्हा. टोपी घाला, पाय धुवा, बूट बाहेर. नियम आहे."

चार वाजायला सहा मिनिटं होती. टोपी एकाच रंगाची शिल्लक होती, झगझगीत नारिंगी. ती डोक्यावर चढवताना काकांच्या भुवया अर्धा इंच वर सरकल्या आणि तिथेच राहिल्या. वर ऑफिसचा निळा सदरा, खाली गुडघ्यापर्यंत दुमडलेली पँट, अनवाणी पाय, असे ते त्या टोकाला जाऊन उभे राहिले. पलीकडच्या टोकाला काळ्या पोहण्याच्या पोशाखात आई. इतक्या लांबून ती फारच लहान दिसत होती. तिने डोळे बारीक करून पाहिलं आणि हात हलवला. नारिंगी टोपीचा उपयोग झाला म्हणायचा.

बरोबर चारला सत्कार सुरू झाला. थोरले बोलत असताना बाकी सगळ्यांचे आवाज बंद ठेवायची पद्धत होती, विचारलं तर उत्तरापुरता आपला उघडायचा. त्यामुळे एकशे चाळीस चौकटींत एकशे चाळीस मुके चेहरे होते आणि मधोमध थोरले.

"काका," थोरले म्हणाले, "डोक्यावर काय आहे?"

"टोपी," काका म्हणाले. दुसरं काय सुचणार? "डोकं... डोकं एकाग्र राहतं."

"बघा!" थोरले चेंडूवर उसळले. "ताई, सगळ्यांसाठी मागवा!"

मागे मास्तरांची शिट्टी वाजली. आई पाण्यात उतरली होती. काकांना ती दिसत नव्हती, कारण कॅमेऱ्याकडे तोंड म्हणजे तलावाकडे पाठ. ऐकू मात्र येत होतं. छप, छप, छप. मास्तर मोजत होते. "छान आजी. पाच मीटर. दहा." इकडे थोरले समर्पण या विषयावर बोलत होते आणि काका मान डोलवत होते. छप, छप. "बारा आजी." मग छप थांबलं.

"आजी, थांबू नका! समोर बघा!"

"बाळ!" आईचा आवाज आला. श्वास लागलेला, घाबरलेला. "बाळ, कुठे आहेस तू? मला तोंड दिसत नाही तुझं!"

"तर काका," थोरले म्हणाले, "आज सगळ्यांना सांगा. त्रेपन्न तास तुम्ही बसलात कसे?"

माणसाच्या आयुष्यात काही क्षण असे येतात की त्याला फार विचार करावा लागतो. हा तसला क्षण नव्हता. मधोमध फार खोल आहे, एवढंच काकांना आठवत होतं.

"मी नाही बसलो," काका म्हणाले. "मी मेहुणीकडे गेलो होतो. आगगाडी बसली होती. मुलाची, खेळण्यातली. शेवटच्या डब्याला माऊस बांधला होता. आता मला क्षमा करा, माझी आई पोहते आहे." त्यांनी लॅपटॉप उचलून तलावाकडे तोंड करून बाकावर आदळला, वळले, आणि धावत जाऊन काठावर गुडघे टेकून बसले. पँट भिजली. "आई! हा बघ मी! इथे, इथे ये!"

आईने तोंड वर काढलं, बघितलं, आणि पुन्हा हात मारला.

मागे बाकावर काय झालं ते काकांनी पाहिलंच नाही. ते त्यांना चष्मेवालीने नंतर सांगितलं. काकांच्या बोलण्यानंतर कुणीच हललं नाही. सगळ्यांचे आवाज बंद, थोरल्यांचा एकट्याचा चालू, आणि थोरल्यांच्या तोंडून शब्द फुटेना. त्या शांततेत, थोरल्यांच्या खोलीतून, कुठून तरी खालून, स्पष्ट आवाज आला. कू! एकशे चाळीस डोळ्यांच्या जोड्या हळूहळू मधल्या चौकटीकडे वळल्या. थोरले लाल झाले. पुन्हा फेरी पुरी झाली आणि पुन्हा, कू! त्यांनी शिट्टीत कापूस घातला नव्हता. त्यांना ओव्हरसियरसारखा शेजारी लाभला नव्हता, एवढंच. आणि तेव्हा ताईंनी, होय, ताईंनीच, सगळ्यांचे आवाज उघडायचं बटण दाबलं.

काकांना ऐकू आला तो एकदम उसळलेला हशा. त्या हशात पंचवीस-तीस आगगाड्यांच्या शिट्ट्या, कुणाचं तरी रडणारं बाळ, आणि मग चष्मेवालीचा टिपेचा आवाज, "आजी, हात मारा!" पडद्यावर ऑफिसातल्या सगळ्यांना तलाव दिसत होता, त्यावर पुस्तकांच्या कपाटाचे तुकडे तरंगत होते आणि कपाटामधून एक म्हातारी पोहत येत होती. "आजी! आजी! आजी!" सगळं कुटुंब ओरडत होतं. वीस मीटर. बावीस. मास्तर काठाने धावत होते, रखवालदार काठी टेकून ओरडत होता. काकांनी हात पुढे केला. आईने तो धरला नाही. तिने त्याच्या शेजारची फरशी धरली, कारण नियम नियम असतो.

"पास!" मास्तर ओरडले.

काका हसत होते आणि रडतही होते. नारिंगी टोपीत ते कसं दिसत होतं याची त्यांना पर्वा नव्हती.

पुढचं सांगायचं तर काकांना कुणी काढलं नाही. काढायचं तर पहिल्यांदा थोरल्यांना काढावं लागलं असतं. पुढल्या सोमवारी ताईंनी पिवळी मिनिटं वाचलीच नाहीत. तांत्रिक अडचण आहे म्हणाल्या. ती अडचण अजून दूर झालेली नाही. थोरल्यांनी सगळ्यांना एका ओळीचा संदेश पाठवला, 'मी तीन वर्षं दुपारी झोपतो.' त्याला एकशे चाळीस जणांनी टाळ्या वाजवल्या, यावेळी फॅनशिवाय. आणि त्यांना आता खुर्ची मिळाली आहे, पाठ टेकायची.

पण ते सगळं नंतरचं. त्या बुधवारी साडेचारला आई काठाला धरून दम खात होती. बाकावरच्या लॅपटॉपमधून अजून आरडाओरडा चालू होता.

"कोण रे ही माणसं?" तिने विचारलं.

"ऑफिसातली."

"चांगली आहेत की! आणि तू उगाच नावं ठेवतोस." तिने तोंडावरचं पाणी निपटलं आणि डोळे बारीक करून काकांकडे पाहिलं. "पण एक सांगू? अर्धा वेळ तू पाठ करून उभा होतास. मला कळत नाही असं समजू नकोस."

काका काठावर आणखी पुढे सरकले. 

"मास्तर," आई म्हणाली, "मी पलीकडे जाते आणि परत येते. परीक्षेचं नाही, असंच. हा आला आहे तर बघू दे नीट."

तिने पायाने काठाला रेटा दिला आणि निघाली. काका ओल्या फरशीवर बसले, पाय पाण्यात सोडले. बाकावर लॅपटॉपमध्ये त्यांच्या नावापुढचा ठिपका पाच मिनिटं झाली तसा पिवळा झाला. ते त्यांना दिसलं नाही. ते बघत होते समोर.